मोथ्याच्या भरवशावर

सकाळी खिडकी उघडली की रुख्माबाई खाली लॉनवर बसलेली दिसायची. खाली लाकडी पिढा, डोक्यावर पदर, पाठ माझ्याकडे. तिचं डावं मनगट वाकडं होतं, म्हणून ती उजव्या हातानेच तण उपटायची. उपटलेलं मागे टाकायची. पिढा हातभर पुढे सरकवायची. पुन्हा उपटायची. तिची सून दामिनी गॅलरीत चहा घेत उभी असायची आणि वरून बोट दाखवायची. आई, तो कोपरा राहिला. तो नाही, तिकडचा.

घर सडक अर्जुनीत, हायवेपासून थोडं आत. हेमेंद्र लंजेचं, म्हणजे रुख्माबाईच्या थोरल्या मुलाचं. त्याचे ट्रक चालतात. गॅरेजवरची खोली त्याने मला भाड्याने दिली होती, कारण मी इथल्या कॉलेजात मराठी शिकवते आणि भाडेकरू म्हणून मास्तरीण बरी दिसते. हे कारण त्यानेच मला सांगितलं होतं. रुख्माबाई सत्तरी ओलांडलेली, मी पंचविशीची. तिला सही येत नव्हती, मी कवितेवर एम.ए. केलेलं. तरी ती माझी मैत्रीण होती. दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

तिचं आयुष्य थोडक्यात सांगता येतं. लहान वयात लग्न होऊन केशोरीला आली. नवरा गोवर्धन लंजे, धानाची थोडी शेती. पावसाळ्यात रोवणी, मग निंदण, म्हणजे तण उपटणं, मग कापणी. आधी दुसऱ्याच्या बांधीत, नंतर स्वतःच्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेला धानाचा तुकडा. त्यात पाणी उभं असतं. त्या पाण्यात ती कमरेत वाकून जन्मभर उभी राहिली.

गोवर्धन वारला. हेमेंद्र त्याआधीच ट्रकवर क्लीनर म्हणून निघून गेला होता. मग ड्रायव्हर झाला, मग मालक. शेत आणि आई धाकट्या भोजराजकडे राहिली. भोजराजचा हात उठायचा. आधी बैलांवर, मग बायकोवर. त्याची बायको रेणू हुशार निघाली. घरात काही बिघडलं की ते सासूमुळे बिघडलं, असं ती पटवून देऊ लागली. मग हात आईवर उठू लागला. रेणूची सुटका झाली.

एका हिवाळ्यात हेमेंद्रचा ट्रक केशोरीहून आला, तेव्हा ड्रायव्हरशेजारी रुख्माबाई बसली होती. मनगट सुजलेलं, लुगड्याच्या चिंधीने बांधलेलं. बांधावर घसरली, असं तिने सांगितलं. हेमेंद्रने विचारलं, किती दिवस आहेस. दामिनीने तिला काहीच विचारलं नाही. तिने ड्रायव्हरला विचारलं, ट्रक परत कधी जाणार.

ट्रक दुसऱ्या दिवशी जाणार होता.

आता लॉनबद्दल सांगायला हवं. त्या घरात लॉन सगळ्यांत लाडकं होतं. रायपूरच्या एका व्यापाऱ्याच्या बंगल्यापुढे हेमेंद्रने तसं पाहिलं होतं. लंजेंच्या घरात रीत आहे. नवं घर बांधताना आपल्या शेतातली मूठभर माती आणून पायव्यात टाकायची. हेमेंद्रचं मुठीने भागलं नाही. त्याने केशोरीच्या बांधीतून टिप्पर भरून माती आणली आणि घरापुढे पसरली. आपल्याच मातीवर आपलं लॉन, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. वर रायपूरहून आणलेलं, सतरंजीसारखं गुंडाळलेलं गवत अंथरलं. कडेने विटांचा बांध घातला. आणि धान पिकवणाऱ्या घरातला माणूस जे करील तेच केलं. पाणी उभं राहीपर्यंत रोज पाइप सोडून ठेवला.

माती एकटी आली नव्हती. तिच्या पोटात मोथा होता. कोणी त्याला लव्हाळा म्हणतात, औषधवाले नागरमोथा म्हणतात. ओल त्याला मानवते. पहिल्याच उन्हाळ्यात सतरंजीतून हिरव्या सुया वर आल्या. कापायची मशीन फिरवली की गवत काही दिवस गप्प बसायचं, मोथा दुसऱ्याच दिवशी डोकं काढायचा. उंच, तकतकीत, गवतापेक्षा गडद. हेमेंद्र त्याला चांगल्या जातीचं गवत समजत होता. मग एका पाहुण्याने हसत विचारलं, शेठ, अंगणात धान रोवलं का? पाहुणे गेल्यावर हेमेंद्र जेवला नाही. दामिनी सांगते.

तर ट्रक जायचा त्या सकाळी रुख्माबाई चहा न घेता लॉनवर जाऊन बसली. सुजलेला हात मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने मोथा उपटू लागली. कोणी सांगितलं नव्हतं. दुपारपर्यंत एक लांब पट्टा साफ झाला. दामिनी बाहेर आली. पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. संध्याकाळी ट्रक गेला तेव्हा ड्रायव्हरशेजारची जागा रिकामी होती.

इतकं ते सरळ होतं. मोथा आहे तोवर रुख्माबाई आहे. दामिनीने हे कधी लपवलं नाही. मोथा संपला की आईंना गावी सोडून येऊ, असं ती रुख्माबाईच्या देखत म्हणायची.

तिला मागच्या बंदिस्त पोर्चमध्ये, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांशेजारी खाट मिळाली. ताट वेगळं. पाहुणे आले की तिने मागे जायचं. लोक कामवाली समजतात आणि मग सांगत बसावं लागतं, असं दामिनीचं म्हणणं होतं. मी एकदा रुख्माबाईला विचारलं, आजी, इथं बरं वाटतं का. तिने माझ्याकडे पाहिलं, जणू मी वर्गातली ढ पोरगी आहे.

"इथं मारत नाई ना कोनी," ती म्हणाली.

सुटीच्या दिवशी मी खाली जाऊन तिच्याशेजारी बसायचे. ती माझी थट्टा करायची. माझे हात पोळी लाटायच्याही कामाचे नाहीत म्हणायची. कविता शिकवायचा पगार मिळतो हे तिला खरं वाटत नसे. सरकार येडं हाये, म्हणायची. एकदा मी मदत करायला गेले आणि मूठभर लॉनच उपटलं. तिने माझ्या हातावर चापट मारली.

मग तिने मला मोथा ओळखायला शिकवला. दांडा बोटांत धरायचा आणि फिरवायचा. गवताचा दांडा गरगर फिरतो. मोथ्याचा अडतो, कारण त्याला तीन कडा असतात. पानंही तिन्ही बाजूंनी निघतात. मी फिरवून पाहिलं. बोटांना कडा लागल्या. इतकी वर्षं गावाकडे राहून मला हे माहीत नव्हतं.

"आता खाली पाय," ती म्हणाली. पाय म्हणजे पाहा.

तिने बोट मातीत खुपसलं आणि एक काळी गाठ वर काढली. बोरीच्या बीएवढी, केसाळ. गाठीतून दोरा निघाला होता, दोऱ्याच्या टोकाला दुसरी गाठ, तिथून तिसरी. माळ होती ती. तिने गाठ नखाने चिरून माझ्या नाकाशी धरली. दिवाळीच्या उटण्याचा वास आला. मग तिने बाकीची माळ पुन्हा त्याच भोकात ठेवली, वर माती लोटली आणि अंगठ्याने दाबली.

मी पाहत राहिले. माझा समज होता की ती काढते आहे.

मी विचारलं, आजी, गाठ आत का ठेवली. तिने आधी गॅलरीकडे पाहिलं. गॅलरीत कोणी नव्हतं.

"वरून तोडलं का खालच्या गाठी जाग्या होतात," ती म्हणाली. "एक तोडा, चार येतात. जनम निंदन्यात गेला मायवाला, मले नाई मालूम का?"

"मग खणून का काढत नाही?"

"खनून काढलं त मी कायले पायजे इथं?"

ती पुन्हा उपटू लागली. नेटाने, नीट, पात बुडाशी धरून. मुळं तुटल्याचा बारीक आवाज येत होता.

त्यानंतर मला तिचं काम दिसू लागलं. पाहुणे यायचे असले की लॉन आरशासारखं असायचं. पाहुणे गेले की आठवड्याभरात सुया पुन्हा वर. एखादा पट्टा खरंच साफ होतोय असं वाटलं की ती तिथे बसून अंगठ्याने काहीतरी दाबत राहायची. नळाजवळची जागा तिने कधी पुरती उपटली नाही. तिथे ओल कायम असे आणि मोथा तिथून पसरे. तिचं बियाणं होतं ते. दामिनी शेजारणीला सांगायची, आईंचा हात चांगला आहे, पण मोथा फार चिवट.

रुख्माबाई मला बिचारी वाटावी अशी माझी फार इच्छा होती. तिने ते होऊ दिलं नाही.

मी तिला तिच्या सासूबद्दल विचारलं होतं. सासूचं नाव धुरपताबाई. शेवटी ती खाटेला लागली होती. रुख्माबाई तिचं ताट वाढायची आणि खाटेपासून थोडं दूर ठेवायची. हात पोचणार नाही इतकं दूर. संध्याकाळी उचलून न्यायची.

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, दूर का.

"कमी खाल्लं का कमी घान करते," ती म्हणाली. "रोवनीचे दिवस होते. कोन धुवत बसन?"

ती हे मोथा उपटता उपटता सांगत होती. आवाज बदलला नाही. मग तिने आणखी सांगितलं. हेमेंद्र तेव्हा लहान होता. त्याने एकदा ताट आजीकडे सरकवून दिलं. रुख्माबाई शेतातून आली, रिकामं ताट पाहिलं आणि त्याला बैलाच्या काठीने हाणलं. पुन्हा त्याने ताट सरकवलं नाही.

मी वर खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली येऊन बसले. तिने पिढा थोडा बाजूला घेतला.

हेमेंद्र मोथ्यापुढे हरायला तयार नव्हता. आधी त्याने धानात मारतात ते तणनाशक आणलं. मोथ्याची पानं वाकली, टोकं करपली, आणि पंधरवड्यात खालून नवी पानं आली. मग कुणीतरी त्याला सगळंच जाळणारं औषध दिलं. त्याने लॉनच्या मधोमध मारून पाहिलं. तिथे खाटेएवढा पिवळा चट्टा पडला. गवत मुळासकट मेलं. पावसाच्या सरी आल्यावर त्या चट्ट्यात सर्वांत आधी जे उगवलं तो मोथा होता. रुख्माबाई त्या दिवशी तोंडात पदर कोंबून हसली. तिला हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मलाही हसू आलं. आम्ही दोघी जिंकल्यासारख्या बसलो होतो.

भाद्रपदात योगराज बिसेन जेवायला आला. हेमेंद्रचा जुना दोस्त, गोंदियाला नर्सरी चालवतो. दामिनीने मलाही बोलावलं होतं. रुख्माबाई मागे पोर्चमध्ये होती. जेवण झाल्यावर सगळे लॉनवर आले. योगराज वाकला, एक दांडा तोडला आणि बोटांत फिरवला. अगदी तिच्यासारखा.

"हे गवत नाही, शेठ," तो म्हणाला. "गवताचं औषध याला लागत नाही. उपटतं कोण?"

"आई," हेमेंद्र म्हणाला.

"मग आईच वाढवून राहिल्या ना."

तो गमतीने बोलला. सगळे हसले. दामिनी हसली नाही. ती मागच्या दाराकडे पाहत होती. दार अर्धं उघडं होतं.

योगराजने सगळं नीट सांगितलं. लॉन म्हणजे बांधी नव्हे. पाणी उभं ठेवायचं बंद करा, एका बाजूने विटा काढा, पाणी वाहून जाऊ द्या. मशीन इतकी खाली लावू नका, गवत दाट राहिलं तर मोथ्याला ऊन मिळत नाही. उपटणं बंद. उसातल्या मोथ्यावर मारतात ते औषध येतं, ते गवताला धक्का लावत नाही. आपल्याकडे ऊस फारसा नाही म्हणून दुकानात दिसत नाही, नागपूरहून मागवून देतो. मारण्याआधी पान पुरतं वाढू द्यायचं, कारण औषध पानातून गाठीत उतरतं. मारल्यावर दिवसभर पाणी लागू द्यायचं नाही. दोनेक आठवडे काही होत नाही, माणसाला वाटतं पैसे गेले. मग मधल्या पानापासून पिवळं पडत जातं. महिन्याभराने पुन्हा एकदा मारायचं.

दुसऱ्या सकाळी दामिनीने रुख्माबाईला सांगितलं, आजपासून बसू नका, पानं वाढू द्यायची आहेत. मी खिडकी उघडली तेव्हा रुख्माबाई लॉनच्या कडेला पिढ्यावर बसलेली होती. हात मांडीवर. समोर मोथा वाढत होता. ती रोज तशी बसू लागली. उपटायला मनाई होती, बसायला नव्हती.

औषध आलं. कडक ऊन पडलेलं पाहून हेमेंद्रने सकाळी स्वतः पंप पाठीवर घेतला. फवारून झाल्यावर नळाची तोटी घट्ट केली, उद्यापर्यंत पाणी नाही म्हणून सगळ्यांना बजावलं आणि कामाला गेला.

दुपारी मी कॉलेजातून आले. फाटकातून पाहिलं तर रुख्माबाई लॉनवर होती. पाइपच्या तोंडावर अंगठा धरून ती मोथा धूत होती. एकेक झुपका घ्यायची, पानं बोटांत धरायची, वरून खालपर्यंत चोळायची आणि पाणी सोडायची. लहान पोराचं डोकं धुवावं तसं. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. तिने मला पाहिलं.

"फाटक लाव," ती म्हणाली.

मी फाटक लावलं. वर पाहिलं तर गॅलरीत दामिनी उभी होती. केव्हापासून उभी होती माहीत नाही.

दामिनी ओरडली नाही. खाली आली, तोटी बंद केली. पाइप गुंडाळून खुंटीला लावला. मग सासूकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हिशोब जुळल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा होता.

"तुम्ही पोसत होत्या याला," ती म्हणाली. "आणि मी तुम्हाला तूप वाढत होते."

हेमेंद्रला फोन गेला. तो आला तेव्हा रुख्माबाई तिथेच उभी होती. ओलं लुगडं पायाला चिकटलेलं. मलाही जा असं कोणी म्हणालं नाही. मी जिन्याच्या पायरीवर उभी राहिले.

"आई, धुतलं काऊन?" त्याने विचारलं.

"धूर बसली होती."

धुळीला ती धूर म्हणायची. एक पान तोडून त्याने वास घेतला. तेव्हा रुख्माबाई पुढे आली आणि तिने त्याचा शर्ट पकडला. चांगल्या हाताने.

"हेमा, मले भोजराजकडे नोको धाडू," ती म्हणाली. "तो मारते. तुले मालूम हाये."

हेमेंद्रने तिची बोटं एकेक करून सोडवली. हळू सोडवली. दुखवलं नाही.

"मालूम आहे," तो म्हणाला. "तू पन मारत होती."

ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. तो कुठली गोष्ट म्हणतोय ते तिला आठवत असावं, किंवा आठवतच नसावं. गोष्टी पुष्कळ होत्या.

दोन दिवसांनी हेमेंद्रने पुन्हा औषध मारलं. त्या दिवशी मागच्या पोर्चला बाहेरून कडी होती. जेवण खिडकीच्या गजांमधून दिलं. ताट गजांतून जाईना, म्हणून दामिनीने पोळीत भाजी गुंडाळून आत ढकलली. घरात सगळं रोजच्यासारखं चाललं होतं. टीव्ही लागलेला होता.

कडी दुसऱ्या दिवशी निघाली. रुख्माबाई पुन्हा पिढ्यावर येऊन बसू लागली. आता तिला कोणी काही म्हणत नव्हतं. काही दिवस मोथा हिरवा राहिला. ती मला म्हणाली, लागलं नाई वाटते. मी हो म्हणाले. मग एका सकाळी मधली पानं फिकी दिसली. मग ती पिवळी झाली, मग बाहेरचीही. हिरव्यागार गवतात तेवढेच झुपके पिवळे. मोथा ओळखायला आता बोटांत फिरवायची गरज नव्हती. रस्त्यावरूनही दिसत होता.

दामिनीने खुरपं घेऊन नळाजवळ खणलं. माळ वर काढली. गाठी तपकिरी, मऊ झाल्या होत्या. तिने एक तळहातावर घेतली, पिढ्यापाशी गेली आणि सासूसमोर बोटांनी दाबली. आतून पाणी आलं.

"पाहा आई," ती म्हणाली. "संपलं तुमचं काम."

धान कापणीनंतर हेमेंद्रचा ट्रक केशोरीला माल भरायला निघाला. रुख्माबाईच्या पिशवीत दोन लुगडी आणि डोळ्यांत घालायचं औषध होतं. तिने पिढाही घेतला होता. तो घरचा आहे, म्हणून दामिनीने ठेवून घेतला. केबिनमध्ये चढताना तिला वाकड्या हाताने धरता येईना. ड्रायव्हरने खालून ढकललं. मी फाटकाशी गेले. ती खिडकीतून वाकली. माझ्यासाठी काही मायेचं बोलेल असं मला वाटलं होतं.

"तो पुरता मरत नाई," ती म्हणाली. "खोल गाठी राह्यतात. पान्यापावसात येईल. मंग बलावतीन मले. तू ध्यान ठेव."

हेमेंद्र आत फोनवर बोलत होता. बाहेर आला नाही.

पुढच्या पावसाळ्यात मोथा आला. ती म्हणाली होती तसाच, विरळ, नळाजवळ आधी. मी खिडकीतून पहिली सुई पाहिली आणि वेड्यासारखी खाली धावत गेले. बोटांत फिरवून पाहिली. अडली. दामिनी गॅलरीत होती. तिनेही ती पाहिली होती. औषधाचं पाकीट घरातच होतं. तिने त्याच आठवड्यात फवारलं. महिन्याभराने पुन्हा आला, पुन्हा फवारलं. मग तिला कंटाळा आला. तिने आईंना बोलावू असं एकदाही म्हटलं नाही. हेमेंद्रनेही नाही. पावसाळा संपल्यावर एक टिप्पर आला आणि लॉन खरवडून, गवत आणि माती मिळून, घेऊन गेला. कुठे ओतली माहीत नाही. दिवाळीच्या आत घरापुढे पेव्हर ब्लॉक बसले. राखाडी आणि विटकरी. आता तिथे गाड्या लागतात.

दिवाळीनंतर मी केशोरीला गेले. भोजराज घरी नव्हता. रेणूने चहा दिला आणि कोठ्याकडे, म्हणजे गोठ्याकडे, हात केला. बैल आता नाहीत. कोठ्यात खाट होती, खाटेवर रुख्माबाई. मी तिला लगेच ओळखलं नाही. केस कापलेले होते. उवा झाल्या, म्हणून कापले, रेणू मागून म्हणाली. उजवा हात कोपरातून सरळ होत नव्हता. तो तिचा चांगला हात.

तिने मला बस म्हटलं नाही. कशी आहेस विचारलं नाही.

"आला का?" तिने विचारलं.

"आला होता," मी म्हणाले.

ती उठून बसायला लागली. एका हाताने पदर डोक्यावर घ्यायला लागली. तो नीट येईना. "सांगतलं होतं ना," ती म्हणाली. "किती आला? लय आला का? मंग हेमा काय म्हने? ट्रक कवा येते?"

मी तिचा पदर नीट केला. मला वाक्य सुचेना. मी जन्मभर वाक्यं वाचत आले आहे.

रेणूला हसू आलं. ती पदराला हात पुसत आत आली आणि मोबाइल काढला. "अवं आई, तिथं आता लॉन कुठं हाये," ती म्हणाली. "फरशी बसवली मोठ्या भाऊनं. फोटो धाडला दिवाळीले. हे पाय." तिने मोबाइल सासूच्या डोळ्यांपुढे धरला.

रुख्माबाईने फोटो पाहिला. मान पुढे काढून, एक डोळा मिटून पाहिला. राखाडी आणि विटकरी ठोकळे, वर उभी पांढरी गाडी, गाडीला टेकून हेमेंद्र आणि दामिनी. ती इतका वेळ पाहत राहिली की स्क्रीन काळी झाली. रेणूने पुन्हा उजळवली.

बाहेर भोजराजची मोटरसायकल थांबली. रेणू चटकन मोबाइल घेऊन निघून गेली. रुख्माबाई खाटेवर भिंतीकडे सरकली आणि कोपर पोटाशी घेतलं. मग तिने मला खुणेने जवळ बोलावलं.

"फरशीवर धूर बसत असन ना," ती हळूच म्हणाली. "हायवेची धूर. झाडाले-पुसाले कोनी लागल. इचारून पाय."